पॅचखालची सही

ड्रायव्हर म्हटलं की आमच्या वाशीत अजूनही एसटीचाच ड्रायव्हर डोळ्यांपुढे येतो. (वाशी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याची. नव्या मुंबईतली नव्हे. हा खुलासा आम्हा मंडळींना जन्मभर करावा लागतो.) संगणकातला ड्रायव्हर कामाने त्याच्यापेक्षा फार वेगळा नाही. इंजिनाला बोलता येत नाही, प्रवाशाला इंजिन कळत नाही, आणि मधे बसलेल्याची चूक झाली तर दोघंही खड्ड्यात. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या सगळ्या कारभाराच्या मुळाशी बसलेल्या प्रोग्रॅममध्ये, असे ढिगाने ड्रायव्हर आहेत. डिस्कचे, आवाजाचे, कॅमेऱ्याचे, आणि नेटवर्क कार्डाचे. या शेवटच्या जातीबद्दल आज लिहायचं आहे. त्यातही ड्रायव्हरबद्दल कमी, आणि कोणी त्यात बदल सुचवला तर तो वाचून 'घेतो' किंवा 'परत न्या' असं म्हणणाऱ्या माणसांबद्दल जास्त.

विषय रुक्ष वाटेल, पण जरा थांबा. या इतिहासात एक प्रकरण पुण्याचं आहे, आणि एक असं आहे की ज्यात चांगली चालती कार्डं एकापाठोपाठ एक मरत होती आणि गुन्हेगार कोण ते जगातल्या भल्याभल्यांना कळत नव्हतं.

आधी एवढी तपासणी लागते कशाला ते बघू. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर कर्नेलच्या आत राहतो, एकाच घरात, मधे भिंत नाही. त्याने चुकून दुसऱ्याच्या खोलीत लिहिलं तर त्याला अडवणारं कोणी नाही. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड यंत्राकडून चाळून घेतला. तेव्हा काही जातीच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये बाकी कर्नेलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत निघालं. कारण उघड आहे. मेमरी सांभाळणारा कोड सगळ्यांच्याच मशिनवर रोज चालतो, त्यामुळे त्यातली चूक लपत नाही. एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर मात्र ज्याच्याकडे ते कार्ड आहे त्याच्याकडेच चालतो. म्हणजे तपासणाऱ्याकडे ते कार्ड असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतंच! त्याने नुसतं वाचून ठरवायचं असतं.

वाचायचं म्हणजे काय वाचायचं? हे सांगायला मला आपला रहाट बरा वाटतो. कार्ड आणि कर्नेल यांच्यामध्ये मेमरीत एक गोल माळ असते, रहाटगाडग्यासारखी. समजा २५६ गाडगी आहेत. कर्नेल एकेका गाडग्यात पाठवायची पाकिटं ठेवत जातो, कार्ड मागून येऊन ती उचलतं आणि तारेवर सोडतं. गाडगी रिकामी झाली की कार्ड हाक देतं. माळ भरली तर ड्रायव्हरने वरच्यांना 'थांबा' म्हणायचं, आणि कार्डाची हाक आली की 'चालू द्या' म्हणायचं. इतकं सोपं.

आता हा प्रसंग बघा. ड्रायव्हरने पाहिलं, माळ भरली. तो 'थांबा' म्हणायला तोंड उघडतोय, तेवढ्या क्षणात कार्डाने सगळी गाडगी रिकामी केली आणि हाक दिली. अजून कोणी थांबलेलंच नाही, म्हणून ती हाक वाया गेली. मग ड्रायव्हर म्हणतो 'थांबा'. सगळे थांबले. गाडगी रिकामी, कार्डाला काम नाही, म्हणून पुढची हाकही नाही... आणि सगळे एकमेकांची वाट बघत बसले. काही सेकंदांनी कर्नेलचा पहारेकरी जागा होतो, ओरडतो, आणि कार्ड झटकून पुन्हा सुरू करावं लागतं. हे लाखात एकदा घडतं. चाचणीत सापडत नाही. ज्याच्याकडे घडतं तो केबल हलवून बघतो आणि केबललाच दोष देतो. उपाय एका ओळीचा आहे: 'थांबा' म्हटल्यावर माळेकडे पुन्हा एकदा बघायचं. तपासणारा माणूस ती ओळ आहे की नाही तेवढं शोधत असतो. नसलेली ओळ वाचणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट.

असे बाकीही अड्डे आहेत. कुलूप हातात धरून झोपी जाणं. (शब्दशः. काही कुलपं अशी आहेत की ती लावलेली असताना ज्यात थांबावं लागेल असं काहीही करायचं नसतं.) आकडे कोणत्या टोकाकडून वाचायचे याचा घोळ, ज्यामुळे इंटेलच्या मशिनवर सुरळीत चालणारा ड्रायव्हर दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर बरळू लागतो. आणि पाचपैकी तिसरी गोष्ट मिळाली नाही तर आधीच्या दोन परत करायला विसरणं. ही शेवटची चूक उधारीच्या वहीसारखी असते. रोज थोडी, कळत नाही, आणि एक दिवस दुकान बंद.

हे सगळं सुरुवातीला कोण तपासायचं? खरं सांगायचं तर कोणीच नाही. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जगापुढे ठेवलं ते १९९१ साली. त्यात नेटवर्क आलं १९९२ मध्ये. आणि मग डोनाल्ड बेकर नावाच्या माणसाने इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर एकामागून एक लिहून काढले. त्यातल्या जुन्या फायलींच्या माथ्यावर एक गमतीशीर ओळ आहे: हक्क अमेरिकन सरकारचे, नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या संचालकांमार्फत. जगभर हेरगिरी करणाऱ्या खात्याच्या नावाने जीपीएल परवान्याखाली फुकट वाटलेला कोड! पुढे बेकर नासाच्या गॉडार्ड केंद्रात गेला. तिथे १९९४ साली थॉमस स्टर्लिंगबरोबर त्याने ४८६ जातीचे १६ साधे संगणक साध्या १० मेगाबिटच्या इथरनेटने जोडून 'बेवुल्फ' नावाचा समूह बांधला. स्वस्तातला महासंगणक. त्यासाठी एका मशिनमध्ये एकाहून जास्त कार्डं जुंपायची होती, तेव्हा कार्डांची नस त्याला माहीत असणं भागच होतं. त्या काळात तपासणी म्हणजे एवढीच की बेकरने लिहिलंय ना, मग ठीक आहे.

आपल्याकडे ज्यांनी २००० च्या आसपास जोडणीचा संगणक घेतला त्यांना रिअलटेक ८१३९ हे नाव आठवत असेल. दुकानदार 'लॅन कार्ड' म्हणून जे स्वस्तातलं द्यायचा ते बहुधा हेच. सायबर कॅफेंचा संसार या कार्डावर चालला. चिप गरीब होती. आलेली पाकिटं ती एका लांबलचक पट्ट्यात ओळीने टाकायची आणि तिथून प्रत्येक पाकीट ड्रायव्हरने हाताने उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचं, म्हणजे हमालीच. फ्रीबीएसडीसाठी याच चिपचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉलने फायलीतच तिची अशी निंदा करून ठेवली आहे की वाचून रिअलटेकची दया यावी. लिनक्ससाठी या कार्डाचा ड्रायव्हर बेकरचाच होता. आणि त्याच्यावरूनच एका युगाचा शेवट झाला.

झालं असं की कर्नेल आतून झपाट्याने बदलत होतं. बेकरला एकच ड्रायव्हर जुन्या आणि नव्या सगळ्या कर्नेलवर चालवायचा होता, कारण त्याचे वापरणारे जुन्यावर होते. म्हणून तो आपली फाईल स्वतःकडे सांभाळायचा आणि जमेल तेव्हा अख्खी सुपूर्द करायचा. कर्नेलवाल्यांचं म्हणणं, बदल तुकड्यातुकड्याने द्या, एकेक कारण सांगून द्या, आणि फक्त आजच्या कर्नेलसाठी द्या, म्हणजे आम्हाला वाचता येईल. हे जुळलं नाही. जेफ गार्झिकने बेकरच्या ड्रायव्हरवरून वेगळा ड्रायव्हर केला, नाव '८१३९टू'. आकडा नाही, 'हासुद्धा' या अर्थाचा 'टू'. पुढे कर्नेलमधल्या नेटवर्क ड्रायव्हरांचा मेंटेनरही बरीच वर्षं गार्झिकच होता. डेव्हिड मिलरकडे एकंदर नेटवर्कचं खातं, आणि त्यातला ड्रायव्हरांचा विभाग गार्झिककडे.

माझं मत विचाराल तर मी अर्धा बेकरच्या बाजूने आहे. कार्डांबद्दल त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो बाजूला झाल्यावर कितीतरी जुन्या चिपांच्या खोडी नव्या लोकांना पुन्हा शोधाव्या लागल्या असतील. पण दुसरा अर्धा असा की जो कोड एकाच माणसाला वाचता येतो त्याची तपासणी होऊच शकत नाही. तो माणूस किती का थोर असेना. पॅच म्हणजे शेवटी ठिगळ. ठिगळ बेताचं असेल तरच टाके मोजता येतात.

टाक्याखाली सही करायची पद्धत मात्र वेगळ्याच कारणाने आली. २००३ च्या मार्चमध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. म्हणणं असं की आमचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये चोरून घातला. दावा वर्षानुवर्षं चालला आणि त्यातून एससीओच्या हाती फारसं लागलं नाही. पण एक प्रश्न सगळ्यांना टोचला: अमुक ओळ कर्नेलमध्ये कुठून आली, कोणी आणली, कोणी घेतली, हे आपल्याला सांगता येतं का? नीट येत नव्हतं. म्हणून २००४ च्या मे महिन्यात टोरवाल्ड्सने नियम सुचवला. ज्याने बदल लिहिला त्याने खाली नाव घालायचं, ज्याच्या हातून तो पुढे गेला त्याने त्याखाली आपलं घालायचं, आणि असं वरपर्यंत.

तहसील कचेरीत ज्यांनी फाईल फिरताना पाहिली आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. कारकुनाची टिपणी, त्याखाली अव्वल कारकुनाची सही, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार. फरक एकच, पण मोठा. कचेरीत प्रत्येक सहीचा छुपा अर्थ असा की 'खालून बरोबर आलंय, माझ्यावर काही नाही'. इथे सहीचा अर्थ 'उद्या काही निघालं तर मला विचारा'. निदान असावा अशी अपेक्षा. या सहीने आधी फक्त मूळ आणि हक्क सांगितले जात. बदल वाचला, पटला, मी त्याची जबाबदारी घेतो, असं सांगणारी तपासणाऱ्याची वेगळी सही २००७ साली आली.

(मूळ प्रत शुद्ध ठेवायची ही धडपड आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना तरी परकी नसावी. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले पाठभेद काढले, आणि यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या यात घालू नयेत असं बजावलं. त्यांच्याकडे नेमकं हेच नव्हतं, कोणती ओवी कोणी कधी घातली याची नोंद.)

ती नोंद यंत्राने ठेवण्याची सोय कर्नेलकडे २००२ पासून बिटकीपर या प्रोग्रॅममुळे झाली. त्याच्या मालकांशी बिनसल्यावर एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्सने स्वतःच गिट लिहायला घेतलं. गिटची कथा सगळ्यांना माहीत आहे, असो.

आता पुणे. कर्नेलच्या डीबगरचा, म्हणजे चालू कर्नेलला मधेच थांबवून त्याच्या पोटात बघायच्या साधनाचा कोड उघडला तर माथ्यावर हक्कधारकांची मोठी यादी आहे. त्यात २०००-२००१ सालासाठी व्हेरिटास सॉफ्टवेअर, मग २००३-२००४ साठी अमित एस. काळे, आणि २००४ ते २००६ साठी लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज प्रा. लि. ही पुण्याची कंपनी. या डीबगरचं नाव केजीडीबी. काळे तो कित्येक वर्षं कर्नेलच्या बाहेर सांभाळत होते. बाहेर, कारण टोरवाल्ड्सला कर्नेलमध्ये डीबगर नकोच होता. त्याने २००० साली हे जाहीरपणे आणि चांगलंच खरमरीत सांगितलं होतं. त्याच्या मते डीबगर हाताशी असला की माणूस विचार करायचा सोडून नुसता चाचपत बसतो. म्हणजे बघा, बदलात काही चूक आहे म्हणून नव्हे, तर तो मुळात हवाच कशाला म्हणून दार बंद. अशा बंद दाराबाहेर कोड सांभाळणं काय असतं? कर्नेलची प्रत्येक नवी आवृत्ती आली की आपलं ठिगळ पुन्हा बेतायचं, पुन्हा शिवायचं. कोणी पैसे देत नाही, कोणी शाबासकी देत नाही. अखेर जेसन वेसल वगैरे मंडळींनी तो आटोपशीर करून, तुकडे पाडून पुन्हा मांडला आणि २००८ च्या जुलैमध्ये आलेल्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी आत गेला. माथ्यावरची जुनी नावं तशीच राहिली, हे चांगलं झालं.

पण त्याआधीच काळे यांचं नाव कर्नेलमध्ये दुसऱ्या दारातून शिरलं होतं, आणि ते दार आपल्या विषयाचं आहे. नेटझेन नावाची कंपनी १ आणि १० गिगाबिटची कार्डं करायची. कचेरी कॅलिफोर्नियात, काम पुण्यातही. २००६ साली त्यांनी आपल्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नेलला देऊ केला. तो देणाऱ्याचं नाव अमित एस. काळे. त्याच्या नोंदीखाली काळे यांची सही आणि त्याखाली जेफ गार्झिकची. फेब्रुवारी २००७ मध्ये निघालेल्या २.६.२० मध्ये तो आला.

कंपनीचा ड्रायव्हर तपासताना एक वेगळीच ओढाताण असते. कंपनीला घाई असते, कारण गिऱ्हाईक रेड हॅट किंवा सुसे घेऊन बसलेलं असतं, आणि कर्नेलमध्ये नसलेला ड्रायव्हर त्यांच्याकडे सहजी जात नाही. कंपनीने आपल्या सोयीच्या खास वाटाही पाडलेल्या असतात. नेटझेनच्या पहिल्या अवतारात अशी एक वाट होती, ड्रायव्हरला खासगी हुकूम द्यायची. पुढे ती काढून टाकली गेली. तपासणाऱ्याला कंपनीशी वैर नसतं. त्याचा प्रश्न वेगळा असतो: प्रत्येक कार्डाने आपली खासगी भाषा आणली तर संगणक चालवणाऱ्याने किती भाषा शिकायच्या? सगळ्यांसाठी एक वाट आहे, तीच वापरा. आणि दुसरा, न बोललेला प्रश्न: तुम्ही उद्या नसलात तर?

तो प्रश्न नेटझेनच्या बाबतीत लवकरच खरा झाला. २००९ मध्ये क्यूलॉजिकने ही कंपनी सुमारे २.१ कोटी डॉलरला विकत घेतली. ड्रायव्हर धनंजय फडके यांच्याकडे आला होता, मग आणखी इतरांकडे गेला. २०११ मध्ये कर्नेलमधल्या सगळ्या इथरनेट ड्रायव्हरांची कंपनीवार मांडणी झाली तेव्हा तो क्यूलॉजिकच्या घरात, पण 'नेटझेन' याच नावाच्या खोलीत गेला. कंपनी नाही, तिचं नाव आहे. आणि गंमत म्हणजे या ड्रायव्हरमध्ये एके काळी एक छोटं फंक्शन होतं, कर्नेल थबकलेलं असतानाही कार्डाला हाताने हलवून पाकिटं काढून घेणारं. असं फंक्शन असलं की नेटवर्कच्या तारेवरून लांबच्या मशिनला डीबगर लावता येतो. केजीडीबीच्या माणसाच्या ड्रायव्हरमध्ये ते असावं हे शोभून दिसतं.

आता ती मरणारी कार्डं.

२००८ चा सप्टेंबर. २.६.२७ ही आवृत्ती येऊ घातलेली, तिच्या चाचणी प्रती लोक चालवत होते. ओपनसुसे, मँड्रिव्हा, उबंटू, फेडोरा यांच्या पुढच्या आवृत्त्यांच्या चाचण्याही त्यावर चालू. आणि बातम्या येऊ लागल्या की इंटेलचं ई१०००ई हा ड्रायव्हर वापरणारं कार्ड अचानक मेलं. मेलं म्हणजे बंद पडलं नव्हे. कार्डाचा स्वतःचा पत्ता आणि मांडणी ज्या चिपमध्ये कायमची लिहिलेली असते, तिच्यातली अक्षरंच पुसली गेली. मशिन बंद करून चालू केलं तरी उपयोग नाही, जुना कर्नेल घातला तरी नाही. सॉफ्टवेअरची चूक सुधारता येते असं आपण धरून चालतो. इथे सॉफ्टवेअरने यंत्रालाच कायमचं दुखावलं होतं. उबंटूने चाचणी आवृत्तीत हा ड्रायव्हर बंदच करून टाकला.

संशय अर्थातच ड्रायव्हरवर. कार्ड त्याचं, चिप त्याची, लिहिण्याचा हुकूमही तोच देऊ शकतो. इंटेलच्या लोकांनी बदल न् बदल पुन्हा वाचला. काहींचा संशय ग्राफिक्सकडे वळला, कारण पडदा गोठल्यानंतर कार्ड मेल्याचं काही जण सांगत होते. थॉमस ग्लाइक्सनर या मुरलेल्या माणसाने ड्रायव्हरमध्ये पहारे बसवून पाहिलं. त्यात खरंच एक दोष सापडला. त्या चिपकडे जाणाऱ्या दोन वाटा एकाच वेळी एकमेकींत घुसू शकत होत्या. चोर म्हणून पकडलेल्याच्या खिशात भलतंच काही निघावं तसं झालं. दोष खरा होता, दुरुस्त झाला, पण खून त्याने केला नव्हता.

आणि शोध घ्यायचा तर कसा? आमच्या तालुक्यात महामार्गावर तेरखेडा आहे, फटाक्यांसाठी प्रसिद्ध. फटाका पेटवून तपासता येत नाही, तपासला की संपला. इथेही तेच. चूक पुन्हा घडवून बघायची म्हणजे आणखी एक कार्ड मारायचं. ज्याने चिपमधल्या मजकुराची नक्कल आधीच काढून ठेवली असेल त्यालाच हे धाडस परवडणार.

शेवटी ऑक्टोबरमध्ये जो सापडला तो नेटवर्कच्या गल्लीतलाच नव्हता. एफट्रेस नावाची एक नवी सोय याच २.६.२७ मध्ये येत होती. कर्नेलमधलं कोणतं फंक्शन कधी चालतं ते नोंदवणारी. ती प्रत्येक फंक्शनच्या दारावर एक खूण ठेवायची, तिचा पत्ता वहीत लिहायची, आणि थोड्या थोड्या वेळाने येऊन वहीतल्या पत्त्यांवरच्या खुणा पुसायची, म्हणजे काम नसताना वेळ फुकट जाऊ नये. आता कर्नेलमध्ये काही फंक्शनं फक्त सुरुवातीला लागतात. काम झालं की त्यांची जागा मोकळी केली जाते. घर पाडलं, पत्ता मात्र वहीत राहिला. त्याच पत्त्यावर पुढे दुसऱ्या कोणाचं घर उभं राहिलं. आणि एखाद्या मशिनवर ते घर नेमकं इंटेलच्या कार्डाच्या चिपचं असायचं.

खुणा पुसणारा बेसावध नव्हता बरं का. तो आधी ताडून बघायचा: इथे जुनी खूणच आहे ना? असेल तरच बदल. पण हे 'ताडून बघ आणि जुळलं तर बदल' काम एका सूचनेत करणारी जी सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आहे, ती जुळलं नाही तरी लिहितेच. जे होतं तेच परत लिहिते. साध्या मेमरीवर याने केसभरही फरक पडत नाही. पण कार्डाच्या चिपपुढे 'लिहिणं' हा नुसता आकडा नसतो, तो हुकूम असतो. आणि चिपने तो पाळला. एफट्रेसचा लेखक स्टीव्हन रोस्टेड यानेच ही साखळी उलगडून सगळ्यांपुढे मांडली. ९ ऑक्टोबर २००८ ला २.६.२७ बाहेर पडलं होतं. १५ तारखेला २.६.२७.१ आलं, त्यात एफट्रेसचा हा भाग बंद केलेला.

मला या प्रकरणात सगळ्यात विचार करण्यासारखं हे वाटतं की ई१०००ईच्या एकूण एक पॅचची तपासणी अगदी डोळ्यांत तेल घालून झाली असती तरी हे सापडलं नसतं. एफट्रेस वाचणाऱ्यालाही 'हा पत्ता उद्या एखाद्या कार्डाचा असेल' हे सुचायला फार वेगळं डोकं हवं. दोन्ही पॅच आपापल्या जागी वाचले तर ठीक. तपासणारा वाचतो त्या ओळी त्याच्यापुढे असतात, आणि घात होतो तो त्या ओळी आणि तिसऱ्याच गावच्या ओळी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

तरीही इंटेलने निरपराध ड्रायव्हरमध्ये बदल केलाच. ब्रूस ॲलन यांच्या पॅचने असं केलं की ड्रायव्हर सुरू होतानाच त्या चिपला लिहिण्याविरुद्ध कुलूप लावायचं, जे मशिन पुन्हा सुरू होईपर्यंत निघत नाही. खरा चोर सापडण्याआधीच हा पॅच कर्नेलमध्ये गेला होता. काही जणांना ही मलमपट्टी वाटली. मला तो त्या महिन्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. चोर कोण ते नंतर ठरवू, आधी दार लावा.

हे सगळं चांगल्या हेतूच्या माणसांबद्दल झालं. २०२१ मध्ये उलट बाजू दिसली. मिनेसोटा विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी आदल्या वर्षी खोट्या नावांनी असे पॅच पाठवून पाहिले होते की जे एक किरकोळ दोष दुरुस्त करतात आणि गुपचूप मोठा दोष घालतात. तपासणारे फसतात का, हा प्रयोग. ज्यांच्यावर प्रयोग चालला त्यांना विचारलेलं नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटलं. ग्रेग क्रोआ-हार्टमनने त्या विद्यापीठाचे बदल घेणंच बंद केलं आणि आधी घेतलेले उलटवायला सुरुवात केली. संशोधकांनी निबंध मागे घेतला. त्यांचा निष्कर्ष, तपासणारा फसू शकतो, चुकीचा नव्हता. पण तो सांगायला प्रयोग हवा होता का? २००८ चा सप्टेंबर ज्याने पाहिला त्याला हे ठाऊकच होतं, आणि तेव्हा तर कोणी फसवायलाही आलं नव्हतं.

मग त्या विद्यापीठातून वर्षानुवर्षं आलेले ४३५ बदल पुन्हा वाचायला घेतले गेले. त्यातले बहुतेक सरळ, प्रामाणिक दुरुस्त्यांचे होते. ३९ चुकलेले निघाले. याखेरीज आणखी २५ आधीच कोणीतरी दुसऱ्याने दुरुस्त केले होते. ज्यांनी ते पुन्हा वाचले त्या माणसांच्या टेबलावर त्या आठवड्यात नवे पॅच येतच होते.